सोळाशे मीटरचं घड्याळ आणि खडकवासला

"बाई, पोरीला एनडीएला घालायचीय. सोळाशेला टाइम किती लागतो?"

एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, फौजेचे ऑफिसर घडवणारी. दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. मी सांगते, "टाइम लागत नाही." मग समोरचा माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघतो. ही बाई नक्की खेळाचीच ना, अशी शंका चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये खेळ शिकवते. जिल्हा सातारा. आमच्याकडे अपशिंगे या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. फौज आम्हाला नवी नाही. माझे सासरे सुभेदार होऊन परतले, माहेरी दोन चुलते फौजेत होते. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढे 'भारतीय सेना' छापायची पद्धत इथे आजही आहे. पण या सगळ्यांत ऑफिसर किती, असं विचारलं की बोटांवर मोजायला फार वेळ लागत नाही. आमची फौज म्हणजे जवानाची फौज. आणि जवान व्हायचं तर पळावं लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

भरतीचं गणित खरंच तसं आहे. अग्निवीर भरतीच्या मेळाव्यात वर्षानुवर्षं पोरांनी ऐकलेला आकडा म्हणजे १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांच्या आत, गुण ६०. दहा पुलअप्स, गुण ४०. पोलीस भरतीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण. सेकंदासेकंदाला भाव असतो तिथे. म्हणून पहाटे पाचला आमच्या मैदानावर जी पोरं अंधारात पळत असतात, त्यांच्या मनगटावर घड्याळ असतं आणि डोळे त्या घड्याळावर असतात. त्यांचं बरोबरच आहे.

ऑफिसरच्या वाटेवर मात्र हे घड्याळ कुणी लावतच नाही. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००. त्यातून उत्तीर्ण झालात की एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत, तिचे ९००. बेरीज १८००. या १८०० गुणांत पळण्याला स्वतंत्र एकही गुण नाही. एसएसबीच्या पाच दिवसांत तुम्हाला कुणी ट्रॅकवर उभं करून शिट्टी मारत नाही. हे मी पालकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, मी त्यांच्या पोरीला कटवतेय.

त्यांच्या गोंधळाला एक कारण मात्र आहे. यूपीएससीच्या जाहिरातीतच उमेदवारांना सल्ला दिलेला असतो, की तब्येत अशी राखा: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत पळणं, दोरीवरच्या उड्या, पुशअप्स आणि सिटअप्स किमान वीस-वीस, चिनअप्स किमान आठ, दोरावर तीन-चार मीटर चढणं. गावोगावच्या अकॅडम्या नेमकी हीच यादी फ्लेक्सवर छापतात आणि खाली 'फिजिकल पास होण्याची हमी' असं लिहितात. जी परीक्षाच नाही तिची हमी द्यायला काय जातंय! जाहिरातीतली यादी हा सल्ला आहे, चाळणी नाही. पुढे प्रबोधिनीत गेल्यावर मोडून पडू नये म्हणून दिलेला सल्ला. २.४ किलोमीटर १५ मिनिटांत हे आमच्या आठवीच्या पोरी कबड्डीच्या आधी अंग मोकळं करायला पळतात.

मग शरीर तपासतात कुठे? दोन ठिकाणी. आणि ती दोन्ही ठिकाणं आमच्या मैदानाच्या कल्पनेत बसत नाहीत.

पहिलं ठिकाण एसएसबीचं मैदान. तिथल्या अधिकाऱ्याला जीटीओ म्हणतात, म्हणजे गटाची कामं करून घेणारा अधिकारी. सात-दहा जणांचा गट, छातीवर नंबर. एक फळी, एक बल्ली, एक दोर. समोर लाकडाचे आणि लोखंडाचे सांगाडे, काहींना लाल रंग. लाल रंगाला ना माणसाचा स्पर्श चालतो ना सामानाचा. अशी चौकट देऊन सांगतात, हे ओझं घेऊन पलीकडे जा. पलीकडे गेलात की नाही यापेक्षा जाताना कोण काय बोललं, कुणी ऐकलं, कुणी फळी नुसतीच धरून ठेवली, हे तो माणूस बाजूला उभा राहून बघत असतो.

वैयक्तिक अडथळे आहेत. दहा अडथळे, तीन मिनिटं, सोप्याला एक गुण तर अवघडाला दहा. टायगर लीप, टार्झन स्विंग, बर्मा ब्रिज, कमांडो वॉक अशी त्यांची नावं. इथे पळणं लागतं, पण सोळाशे मीटरचं नव्हे. एका अडथळ्याकडून दुसऱ्याकडे दहा-वीस पावलांची धाव, आणि मग डोकं: आधी कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा, दोरावर हात सुटायला लागले तर काय. उंचीची भीती असेल तर स्टॉपवॉचवर कितीही चांगला टाइम असला तरी पाय फळीवरून हलत नाहीत.

एसएसबीवाले ज्या पंधरा गुणांवर माणूस तोलतात, त्यांना ते 'ऑफिसर लाइक क्वालिटीज' म्हणतात. त्यात स्टॅमिना आहे बरं का. धैर्य आहे, चिकाटी आहे. पण ते पंधरांतले तीन. बाकी बारांमध्ये विचार करून योजना आखणं, आपलं म्हणणं नीट मांडणं, जबाबदारी घेणं, दुसऱ्याशी जुळवून घेणं, गटावर आपला प्रभाव पाडणं असं सगळं येतं. आमच्या शाळेत या बारांसाठी तास नाही. पीटीचा तासच मुळात गणिताच्या सरांनी सिलॅबस राहिला म्हणून मागून घेतलेला असतो, तर हे कुठलं.

गेल्या उन्हाळ्यात मी मैदानाच्या कोपऱ्यात हाच खेळ मांडून बघितला. गॅदरिंगच्या मांडवाची बल्ली, बांधकामावरची एक फळी, उसाच्या ट्रॅक्टरला बांधतात तो दोर. चुन्याने दोन रेघा मारल्या, मध्ये नदी आहे असं समजायचं, आणि बाकड्यांना लाल कापडं बांधली. भरतीची तीन पोरं आणि नववी-दहावीच्या पाच पोरी असा गट केला. त्या पोरांतला एक आमच्या तालुक्यातला सगळ्यात वेगवान, पाच मिनिटांच्या आसपास सोळाशे मारणारा. शिट्टी वाजली आणि तो थेट बल्ली खांद्यावर घेऊन पुढे. पुढे गेला आणि थांबला. कारण पुढे काय करायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

मग दुकानदाराची पोरगी, जी पीटीच्या तासाला कायम 'पोटात दुखतंय' म्हणते, ती बाकड्यावर बसल्याबसल्या म्हणाली, "दादा, फळी आधी तिरकी टाक ना. बल्लीला दोर बांधून त्यावर आडवी ठेवली तर पोचंल." तो म्हणाला, "गप गं." दुसरी म्हणाली, "गप काय, करून तर बघ." अर्धा तास भांडणं, दोनदा फळी लाल कापडाला लागली, दोनदा सुरुवातीपासून. शेवटी पोचले. पोचवणारी दुकानदाराची पोरगी होती, पण बल्ली उचलली त्या पोरानेच. तिला ती हललीही नसती. हे त्या दोघांच्याही लक्षात आलं, मला काही बोलावं लागलं नाही. आता तो पोरगा विचारतो, "बाई, आज नदी करायची का?"

गप्प राहणं ही आमच्याकडची खरी अडचण आहे, आणि ती पोरींत जास्त आहे. घरात मोठ्यांसमोर बोलायचं नाही, शाळेत बाईंसमोर बोलायचं नाही, आणि एकदम सतराव्या वर्षी प्रयागराजला नाहीतर भोपाळला जाऊन दिल्ली-डेहराडूनच्या पोरींमध्ये बसून चर्चेत मत मांडायचं. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तर निभावतं. तोंडच उघडलं नाही तर कुणाला काय कळणार? पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात ती सांगायची आणि सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. त्या गोंधळात ज्यांचा आवाज ऐकूच येत नाही, त्यातले बरेच त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत असतात.

शरीर तपासण्याचं दुसरं ठिकाण लष्करी रुग्णालय. एसएसबीत शिफारस झाली की मेडिकल. इथेही पळायला लावत नाहीत. इथे मोजतात, आणि मोजतात त्यातल्या निम्म्या गोष्टी सरावाने बदलणाऱ्या नसतात. म्हणून मी आता आठवीच्या पालकसभेतच हा विषय काढते, लोक हसले तरी.

सरळ उभं राहून हात बाजूला सोडले, तळवे पुढे केले की कोपरापासून हात बाहेरच्या बाजूला थोडा वळतो. तो कोन मुलांमध्ये १५ अंशांपेक्षा आणि मुलींमध्ये १८ अंशांपेक्षा जास्त असला तर अपात्र. गुडघे एकमेकांना चिकटत असतील, तळपाय सपाट असेल, तर तेही बघतात. दात मोजतात, चांगल्या दातांना गुण असतात आणि किमान १४ गुण लागतात. नाकाचा पडदा वाकडा आहे का, कानात मळ आहे का, रंग ओळखता येतात का. वैमानिक व्हायचं असेल तर उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटरच्या आत, मांडीची लांबी ६४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण विमानाच्या कॉकपिटमध्ये माणूस बसला पाहिजे आणि वेळ आली तर सीटसकट बाहेरही फेकला गेला पाहिजे, गुडघे न फुटता. हा नियम मला सगळ्यात पटतो. त्यात कुणाची मर्जी नाही, यंत्राचं माप आहे.

चष्म्याचं वेगळंच. लेसरने नंबर घालवू, असं पालक सहज म्हणतात. विसाव्या वर्षाच्या आत केलेली तसली शस्त्रक्रिया चालत नाही, आणि एनडीएला जायचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. हिशोब तुम्हीच करा.

आणि टॅटू! यावर मी स्वतंत्र पोस्ट लिहायला हवी. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. आदिवासी समाजातल्या परंपरेने गोंदलेल्या मुलामुलींना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. आमच्या जत्रेत गोंदवणाऱ्याकडे रांग लागते. दंडावर राजमुद्रा, मानेवर त्रिशूळ, छातीवर 'आई'. फौजेत जायचं म्हणून राजमुद्रा गोंदवून घेतलेला पोरगा त्याच राजमुद्रेमुळे बाहेर बसतो, याला काय म्हणावं? मी जत्रेच्या आदल्या आठवड्यात प्रार्थनेनंतर माइकवरून सांगते, दंड सोडा, मनगटाची आतली बाजू घ्या. मुख्याध्यापकांना ते आवडत नाही. बाई शाळेत टॅटूचा प्रचार करतात म्हणे.

मेडिकलमध्ये नापास म्हणजे सगळं संपलं असंही नसतं. वजन, कानातला मळ, नाकाचा पडदा यांसारख्या गोष्टी तात्पुरत्या धरतात. अपील करून ४२ दिवसांच्या आत पुन्हा तपासणी होते, आणि त्यापुढेही एक समीक्षा मंडळ आहे. पण बारावीच्या पोराला सहा आठवड्यांत नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला लावण्यापेक्षा नववीत एकदा कान-नाक-घसा, डोळे, दात आणि हाडांच्या डॉक्टरांकडे फेरी मारून यावी, हे शहाणपणाचं नाही का? कोचिंगच्या एका महिन्याच्या फीपेक्षा कमी खर्च येतो. तरी लोक आधी फी भरतात.

आता मुलींबद्दल, कारण हल्ली माझ्याकडे येणारे निम्मे पालक मुलींचे असतात.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या, असा अंतरिम आदेश दिला. सरकारने सप्टेंबरमध्ये सांगितलं की तयारीला वेळ हवा, पुढच्या वर्षीपासून घेऊ. न्यायालयाने मान्य केलं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये परीक्षा झाली. त्या एका परीक्षेला १,७७,६५४ मुलींनी अर्ज केले होते. लेखीतून पुढे गेल्या सुमारे हजार. जागा १९: लष्कराला १०, हवाई दलाला ६, नौदलाला ३. मी तेव्हा हे आकडे फळ्यावर लिहिले तर दहावीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, यापेक्षा लॉटरी बरी." वर्ग हसला. मीही हसले. नंतर ती पोरगी मैदानावर यायची बंद झाली, तेव्हा मला तिचं म्हणणं विनोद नव्हता हे कळलं.

पण त्या १९ जागांमधून ज्या गेल्या, त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या मैदानावरून तीनशेहून जास्त मुलांबरोबर संचलन करत बाहेर पडल्या. आम्ही शाळेच्या संगणक कक्षात ते संचलन लावलं होतं. सुट्टी असूनही पोरी आल्या. त्यांना त्या कॅडेटची पावलं नाही, केस बघायचे होते. "बाई, एवढे बारीक?" हो, एवढे बारीक.

मुलींच्या शारीरिक तयारीत मला दोन गोष्टी खटकतात, आणि त्या पळण्याच्या नाहीत. पहिली म्हणजे हात. आमच्या पोरी पळतात छान. शेतावर, डोंगरावर वाढलेल्या आहेत, यवतेश्वरच्या घाटात शहरातल्या पोरांना मागे टाकतील. पण दोराला लटकायला सांगितलं की पाच सेकंदांत खाली. कारण सहावी-सातवीत आलं की मुलींचं झाडावर चढणं बंद होतं. कुणी बंदी घालत नाही, नुसतं "आता मोठी झालीस" एवढं म्हणतात. त्या एका वाक्याने खांद्यांची आणि पंजांची पाच वर्षं वाया जातात. टार्झन स्विंगवर जी पोरगी घाबरते ती उंचीला घाबरत नसते, तिला आपल्या हातांवर भरवसा नसतो. भरवसा येतो तो रोज लटकून. आधी नुसतं लटकायचं, मग पाय वर घ्यायचे, मग एक हात पुढे.

दुसरी गोष्ट रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. माझ्या वर्गातल्या पोरी काही आकाशातून पडलेल्या नाहीत. सकाळी नुसत्या चहावर मैदानावर येतात आणि तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी येते. तरी घरचे म्हणतात, "अजून पळव, बाई." अशा पोरीला पळवून हाडाला सूक्ष्म तडा पाडून घ्यायचा आणि मग मेडिकलला लंगडत जायचं. नडगी दुखते म्हणाली की मी पळणं बंद करते आणि आधी रक्त तपासून आणायला सांगते. याच्यावरून दोन पालकांनी पोरी माझ्याकडून काढून अकॅडमीत घातल्या. तिथे दोन वेळा पळवतात म्हणे. पळवू देत.

शरीराचा खरा हिशोब लागतो तो आत गेल्यावर. खडकवासल्याला तीन वर्षं, सहा सत्रं. कवायत, पोहणं, घोडेस्वारी, क्रॉस कंट्री, बॉक्सिंग, पाठीवर ओझं घेऊन शिबिरं. पाचव्या सत्रातल्या शिबिराचं नावच कॅम्प तोरणा. आमच्या पोरांना तो किल्ला सहलीतून माहीत असतो, रात्री नकाशावर शोधत त्या मुलखात चालणं माहीत नसतं. इथे मात्र घड्याळ लागतं. शारीरिक कसोट्यांत सतत मागे राहिलात तर एक सत्र खाली ढकलतात, म्हणजे सहा महिने परत. निवडीत ज्याला गुण नव्हते त्याचाच इथे रोज हिशोब होतो. म्हणून मी पळू नका असं म्हणत नाही. पळणं हे आत टिकायला लागतं, आत शिरायला दुसरं काहीतरी लागतं.

आणि एक गोष्ट जी अकॅडमीच्या फ्लेक्सवर कधीच नसते. प्रशिक्षणात जबर जखमी होऊन घरी पाठवलेली मुलंही आहेत. १९८५ पासून अशा कॅडेटची संख्या पाचशेच्या घरात असल्याचं २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचं पद, मिळालेलं नसल्यामुळे ते माजी सैनिक धरले जात नव्हते, उपचारांचा खर्च घरच्यांवर. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. मी हे पालकांना सांगते. काहींना वाटतं मी घाबरवते. मुलाला तिथे पाठवणाऱ्या आईबापांना हे माहीत असू नये असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

स्पर्धेचं म्हणाल तर माझ्या घरचंच उदाहरण आहे. माझ्या दिराची मुलगी. लेखी झाली, एसएसबीत शिफारस झाली, मेडिकलमध्ये फिट. गावात पेढे वाटून झाले, तिच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या सुभेदारसाहेबांनी, जुनी पदकं काढून चिंचेने घासली. आणि अंतिम यादीत नाव नाही. याला पोरं 'मेरिट आउट' म्हणतात. लेखी आणि मुलाखतीची बेरीज करून जागा संपतील तिथे रेघ मारतात. रेघेखाली जे राहिले त्यांच्यात काही उणीव निघाली असं नाही, जागा संपल्या. २०२३ च्या पहिल्या परीक्षेत ही शेवटची रेघ १८०० पैकी ६६४ वर होती, आणि लेखीची चाळणी ९०० पैकी ३०१ वर. आकडे ऐकून लोकांना वाटतं, एवढेच? चुकीच्या उत्तराला गुण कापतात, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. सोडवून बघा मग.

सुभेदारसाहेबांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली. "फिट आहे म्हणाले ना? मग घेत का नाहीत?" त्यांच्या काळी रांगेत उभं राहायचं, छाती फुगवायची, पळायचं, डॉक्टरने ठोकलं की आत. पास होऊनही बाहेर, ही गोष्ट त्यांच्या फौजेत नव्हती. पोरगी आठ दिवस खोलीतून बाहेर आली नाही. मग तिने साताऱ्यात बीएस्सीला प्रवेश घेतला. पदवीनंतर सीडीएस ही यूपीएससीची परीक्षा देऊन चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत जाता येतं, तिचं लक्ष आता तिकडे आहे. त्याआधी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात जायचं म्हणतेय. सरकारी आहे, एसएसबीची तयारी मोफत करून घेतात. आमच्याकडच्या किती पालकांना हे केंद्र माहीत असेल? फ्लेक्स नाही ना त्यांचा.

तसंच दुसरं. छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, दहावीनंतर दोन वर्षं तिथे राहून एनडीएची तयारी होते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. सेहेचाळीस वर्षांचं अंतर! तरी आली हे बरं. प्रवेश परीक्षा दहावीत असतानाच द्यायची असते, निकालानंतर नव्हे. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्यांची ती गाडी तोवर निघून गेलेली असते. म्हणून विनंती, प्रश्न घेऊन या, पण मुलगी आठवीत-नववीत असताना या.

येताना सोळाशेचा टाइम आणू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणा. आणि पोरीलाही सोबत आणा. बऱ्याचदा वडील एकटेच येतात, पोरीला काय व्हायचंय ते तेच सांगतात. मी मग विचारते, "तिला विचारलंत का?" तर म्हणतात, "तिला काय विचारायचं, ती लहान आहे."

दर रविवारी सकाळी सात ते नऊ आमचा दोर-फळीचा खेळ असतो. पुतणी साताऱ्याहून येते, तीच आता जीटीओ होते आणि माझ्यापेक्षा कडक आहे. पोरी गप्प बसल्या की त्यांना घरी पाठवते. मागच्या रविवारी दुकानदाराच्या पोरीशी तिचं जोरदार वाजलं, फळी आधी की बल्ली आधी यावरून. जाड दोर एकच आहे आणि तो ट्रॅक्टरवाल्यांचा. गळीत हंगाम सुरू झाला की परत द्यावा लागेल. कुणाकडे जुना, न कुजलेला, बारा-पंधरा मीटरचा दोर पडून असेल तर शाळेत आणून द्या. मुख्याध्यापकांना सांगू नका, थेट माझ्याकडे द्या.